पन्हळीखालचा धबधबा

माथेरानला घर असलेल्या माझ्या आतेभावाच्या डोक्यात बागेतल्या धबधब्याने घर केलं आहे. पंप, फायबरचे खडक, रात्री निळे दिवे असा सगळा थाट त्याला हवाय. पंप ऐकला आणि मला राहवलं नाही. "दादा, तुझ्या नळाला पाणी कुठून येतं रे?"

शार्लोट तलाव आहेच, पण गावाची तहान एवढ्यावर भागत नाही. नेरळहून उल्हास नदीचं पाणी पंपाने वर चढवावं लागतं. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर आणि नेरळ अगदी पायथ्याशी. एवढी चढण चढवून आणलेलं पाणी तीन फुटांवरून पडताना बघायचं! हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे ते सगळ्या गावाला पडतं.

त्यापेक्षा छपराचं पाणी वापरावं. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस झाला की सुमारे 2,360 लिटर पाणी पन्हळीतून पडतं. एक फूट रुंदीची भरदार धार सतत चालायला तासाला साधारण साडेचार हजार लिटर लागतं. म्हणजे तासाला इंचभर कोसळणाऱ्या सरीत अर्ध्या फुटाची धार फुकट, विजेविना. आषाढात माथेरानला अशा सरींचा तोटा नाही.

सगळी खुबी ओठाच्या दगडात असते. पन्हळीचं पाणी आधी लहानशा हौदात घ्यावं, म्हणजे त्याचा जोर मोडतो. मग ते सपाट काळ्या फरशीवरून सोडायचं. फरशी दोन-तीन इंच पुढे काढायची, किंचित उतार द्यायचा आणि खालच्या अंगाला कडेजवळ एक आडवी खाच मारायची. ही खाच नसली की पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि धबधब्याऐवजी ओल आलेली भिंत पाहावी लागते. गवंडी हे काम "कशाला ते?" म्हणून टाळतात, उभं राहून करून घ्यावं.

खालचं कुंड नुसत्या चिऱ्याचं नको. जांभा सच्छिद्र. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस तोच पिऊन टाकतो आणि खालच्या काळ्या कातळाला टेकला की कड्याच्या अंगाला झरे फुटतात. कुंडातलं पाणीही तो असंच पळवणार. म्हणून शेततळ्यात घालतात ते प्लास्टिकचं अस्तर आत घालून कडा दगडाखाली दाबाव्यात. भरून वाहिलेलं पाणी झाडांकडे काढावं, जोत्याकडे नको. पहिल्या एक-दोन पावसांचं पालापाचोळ्याचं पाणी तर बाहेरच सोडावं.

सामान आणणं मात्र जिकिरीचं. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे गोण्या घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. म्हणून जंगलातले दगड उचलायचा मोह होतो. तो आवरा. 2003 पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, आणि आधीच धुपणाऱ्या या मातीला ते दगडच धरून ठेवतात.

"आणि मेमध्ये पाहुण्यांना काय दाखवू?" दादाचा प्रश्न. कोरडे दगड दाखव. मेमध्ये डोंगरावरचे खरे धबधबेही कोरडेच असतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

एक मात्र विसरू नका. पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून एकदा कुंड उपसून, घासून कोरडं करा. डासाला अंड्यातून निघून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.