साहेबाची तिजोरी खासगी, आमची चूल जाहीर



बीबीच्या पोराला स्कॉलरशिप पाहिजे तर आधी बापाची कमाई तहसीलदारापुढं उघडी करावी लागते. रेशनकार्ड, जातीचा दाखला, आज्याचा निर्गम उतारा, सगळं टेबलावर. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाईचं हजेरीपत्रक २००५ च्या कायद्यानं कुणालाही बघायला खुलं केलं होतं. गरिबाला खासगी असं काही नसतं. त्याची चूलसुद्धा सरकारी कागद.

आता साहेबाकडं बघा.

२००८ साली गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी अकोल्याच्या प्रॉव्हिडंट फंड ऑफिसातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. अकोला म्हंजे आपला शेजारचा जिल्हा. फंड म्हंजे कामगाराच्या पगारातून शेकडा १२ कापून ठेवलेला घाम. मालक तो भरतो की गिळतो, हे बघायचं काम अशाच अधिकाऱ्याचं. विचारलं काय? मालमत्ता किती, मेमो किती, शिक्षा काय, पोराच्या लग्नात आहेर काय आला. अर्ज सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३ ऑक्टोबर २०१२ ला निकाल आला: ही वैयक्तिक माहिती. मोठं जनहित दाखवा, मग बघू.

त्या अधिकाऱ्यानं पैसे खाल्ले असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की माणूस स्वच्छ असला तरी कळायचा रस्ता बंद आणि बरबटलेला असला तरी बंद.

सरकारी नोकरानं मालमत्तेचा हिशेब द्यायचा हा नियम आहेच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम १९ तेच सांगतो. पण तो हिशेब साहेब देतो साहेबालाच, आणि कागद जातो बंद कपाटात. ठपका आला, आतल्या आत मिटलं, तर तोही कागद त्याच कपाटात. आमच्या बाईवर हात टाकल्याचं प्रकरण पाटलाच्या वाड्यावर मिटवतात, तसंच हे. तडजोड दोघांची, मरण तिसऱ्याचं.

आमदारकीला उभं राहणाऱ्यानं इस्टेट जाहीर करावी, हे सुप्रीम कोर्टानंच २००२ साली सांगितलं. मत मागणाऱ्याची इस्टेट आम्ही बघायची, मग आमचा घाम सांभाळणाऱ्याची का नाही?

माहितीच्या कायद्यात एक वाक्य आमच्या बाजूचं होतं. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणालाही नाकारता येणार नाही. म्हंजे बीबीचा भूमिहीन आणि विधानसभा एका रांगेत! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं ते वाक्यच खोडलं. नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झालं.

कलम ८(२) तेवढं शिल्लक आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते म्हणतं. एवढीच फट उरली. तिच्यात पहार घाला. अर्ज टाका. नाकारला तर अपील करा. नाकारल्याचा कागद वस्तीत मोठ्यानं वाचा, आणि साहेबाला तोंडावर सांगा: आमची चूल बघून झाली, आता तिजोरी दाखव.

जय भीम.