बेस गिटारचे सेटिंग आणि साडेतीन हजार रुपये

आमच्या वस्तीतील जयंती मंडळाचा जमाखर्च गेली अकरा वर्षे आम्ही लिहितो. बी.कॉम. झालेला माणूस हाताशी असला की वही त्याच्याच गळ्यात पडते. मांडव, लाऊडस्पीकर, विजेची रोषणाई यांच्या पावत्या आम्ही फारसे न बोलता वहीत घेतो. यंदा मात्र जयंतीच्या महिनाभर आधी एक कागद पुढे आला आणि आमचा हात थांबला. कागदावर लिहिले होते : ‘बेस गिटार सेटअप, नव्या तारांसह, रु. ३,५००.’

गिटार मंडळाचीच. दोन वर्षांपूर्वी आमच्या गायन पार्टीने ती सेकंडहँड घेतली, ७,५०० रुपयांना. साडेसात हजारांच्या वस्तूवर साडेतीन हजार खर्च! बरे, ती मोडलेलीही नव्हती. चारही तारा जागेवर, आवाज येतो, मग दुरुस्ती कशाची? ती वाजवणारा आमचा पुतण्याच. तो म्हणाला, “काका, मोडली न्हाई. सेटिंग गेलंय तिचं.” आम्ही म्हणालो, “मग खुंट्या पिळ आणि कर की सेटिंग.” तो गप्प बसला. मागच्या वर्षीही त्याने हेच मागितले होते आणि आम्ही हेच उत्तर दिले होते. तेव्हा ओळखीच्या एकाने फुकटात तारा खाली-वर करून दिल्या. फुकट झाले म्हणून आम्ही खुश होतो.

बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचे मत आमच्यासारखेच होते. एकटे तात्या वेगळे बोलले. तात्यांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. ते म्हणाले, “भाऊ, जॉब कापायला पाच मिन्टं लागत्यात, पण मशीनचं सेटिंग करायला तास जातो. त्या तासाचा पगार मालक देतो का न्हाई? सेटिंग चुकलं तर दिवसभराचा माल भंगारात. आधी जाऊन बघून या, मग काट मारा.”

तात्यांचा शब्द मोडवेना. शनिवारी दुपारी पुतण्याला घेऊन आम्ही कारागिराच्या गाळ्यात जाऊन बसलो.

बेस गिटार म्हणजे काय, हे आमच्या भगिनींसाठी आणि जुन्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. साध्या गिटारला सहा तारा, हिला बहुधा चार, आणि त्या जाड. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या बेसपासून हे वाद्य जगभर पसरले. त्याआधी खालच्या सुरांसाठी माणसाएवढे उंच व्हायोलिनसारखे वाद्य उभे राहून वाजवावे लागे. हिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. ऐकणाऱ्याचे तिकडे लक्ष नसते, पण गाणारा त्याच्यावर पाय रोवून उभा असतो.

कारागिराने गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटून दांडी न्याहाळली आणि म्हणाला, “वाकलीय.” आम्हांला काही दिसेना. त्याने आम्हांला समजावून दिले ते असे. चार तारा मिळून दांडीला साधारण सत्तर-ऐंशी किलोंच्या जोराने ओढत असतात. म्हणजे एक माणूस दिवसरात्र तिला लोंबकळतो आहे असे समजा. त्याला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. त्यात लाकूड हवा पिते. आपल्या कोल्हापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. चार महिने ओल, पुढे कोरडी हवा, मग उन्हाळा. दार जसे पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकते, तशी दांडीही जागची हलते. तिला सळईने पुन्हा ताळ्यावर आणावे लागते.

त्याने प्रथम जुन्या तारा उतरवून नव्या चढवल्या आणि सुरात लावल्या. मग ॲलन कीने सळई पाव फेरा फिरवली आणि फिलर गेज लावून मोजले. दांडी अगदी सरळ नको, किंचित बाक हवा, पण तो किती? साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा! ही सळई जास्त आवळली तर तुटते आणि दांडी कायमची जाते, म्हणून हे काम अंदाजाने करायचे नसते. त्यानंतर तारांची उंची. तारा फार वर असतील तर बोटे दुखतात, फार खाली असतील तर त्या पट्ट्यांवर आपटून खरखरतात. मध्यावर दोन-अडीच मिलिमीटर ठेवून त्याने प्रत्येक जागी वाजवून पाहिले.

त्यानंतर जे घडले ते आम्हांला आतून हलवून गेले. बाराव्या पट्टीवर तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. पण तार दाबताना ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. तार जितकी उंच, तितका तो अधिक चढतो. ही चूक भरून काढण्यासाठी खालच्या घोडीवर प्रत्येक तारेची बैठक स्क्रूने मागे-पुढे सरकवतात. कारागीर म्हणाला, सेटिंगपूर्वी त्याने मीटर लावून पाहिले होते. मोकळ्या तारा बरोबर, पण वरच्या अंगाला चारही सूर चढे. “ही अशी वाजवून कुणी गायलं असंल तर गाणाऱ्याचे हाल झाले असतील,” तो सहज बोलून गेला.

आम्ही पुतण्याकडे पाहिले. तो खाली पाहत होता.

मागच्या जयंतीला शेजारच्या गल्लीतील एक मुलगी प्रथमच स्टेजवर गायली. तेव्हा ती अकरावीत होती. घरात गोड गाणारी, सरावाला एकट्या हार्मोनियमवर सुरेल गाणारी. स्टेजवर मात्र तिचे गाणे वरच्या अंगाला गेले की काहीतरी बिघडे. हार्मोनियम एक सूर देई, बेस दुसरा, आणि पोर मध्ये सापडे. लोक म्हणाले, पोरगी बेसूर आहे. आम्हीही म्हणालो. तिच्या वडिलांना आम्ही स्वतः सांगितले, “तिला अभ्यास करू द्या, गाणं तिच्याच्यानं व्हायचं न्हाई.” तेव्हापासून ती सरावाला आलेली नव्हती. पुतण्याने त्याच वेळी आम्हांला सांगितले होते की दोष गिटारचा आहे. पैसे वाचवण्यासाठी तो पोरगा काहीतरी बहाणा करतोय, असे नव्हे तर पैसे उडवण्यासाठी करतोय, असे आम्हांला वाटले होते.

आता हिशेब सांगतो, कारण बरेच वाचक पोरांना गिटार, कीबोर्ड घेऊन देतात आणि पुढे अशा कागदावर अडतात. सेटिंगची मजुरी १,२०० रुपये. चार तारांचा संच १,८५०. वरच्या टोकाला जी पट्टी असते तिच्या खाचा घासून नीट करण्याचे ३००. वायरच्या सॉकेटला सोल्डरिंगचे १५०. एकूण ३,५००. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम तारांचीच. बेसच्या तारा जाड आणि गुंडाळलेल्या असल्याने त्या साध्या गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग पडतात. मजुरीत दांडी, उंची, सूर आणि पिकअपची उंची एवढे येते. पट्ट्या झिजल्या असतील तर त्या घासणे किंवा बदलणे हे काम वेगळे आणि खर्चही वेगळा. दर गावागणिक बदलतात, म्हणून वस्तू टाकण्यापूर्वीच विचारावे : मजुरीत काय काय येते? तारा धरून की तारांशिवाय? जास्तीचे काम निघाले तर आधी फोन करणार का? आणि लिहून घ्यावे.

खर्च कमी करण्याचे मार्गही आहेत. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, घामाने त्या लवकर मरतात. गिटार पत्र्याच्या छपराखाली, उन्हात किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. सुरात आहे की नाही हे मोबाईलवरच्या फुकट ट्यूनरनेही कळते. मोकळी तार बरोबर आणि बाराव्या पट्टीवर चुकीची दाखवली, तर सेटिंगची वेळ झाली असे समजावे. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर किंवा मोठ्या कार्यक्रमाआधी दाखवले तर पुरते.

हे काही विलायती वाद्याचेच लाड नाहीत. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो म्हणजे काय करतो? घोडीचा माथा किंचित घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. तारेने घोडीवर चरे पडले की काही काळाने हे पुन्हा करावे लागते. बघणाऱ्याला वाटते, याने काय केले? थोडे घासले तर! पण किती घासायचे आणि कुठे थांबायचे, याचेच ते पैसे असतात. हाताच्या कामाचे मोल बुडवले की काय होते हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. निदान आपण तरी कारागिराला “एवढ्याशा कामाचे एवढे?” असे म्हणू नये.

वहीत आम्ही ही रक्कम ‘किरकोळ’मध्ये न घालता ‘वाद्य देखभाल’ असे नवे खाते उघडून लिहिली. दरवर्षी वर्गणीतून त्यासाठी चार हजार बाजूला काढायचे, असा ठरावही झाला. इतर मंडळांनीही याचा विचार करावा.

राहिले एक काम. रविवारी सकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. वडिलांसमोरच तिला म्हणालो, “बाळ, चूक गिटारची होती आणि ती दुरुस्त न करणाऱ्या आमची. तुझी नव्हती.” तिची आई चहा ठेवायला उठली. मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, बारावीची परीक्षा झालीय. पण मी आधी नुसतं ऐकायला येणार.”

ती आली. दोन दिवस कोपऱ्यात बसून ऐकले. तिसऱ्या दिवशी पुतण्याला म्हणाली, “वरचा सूर वाजव बघू.” त्याने वाजवला. तिने त्यात आपला सूर मिळवून पाहिला आणि उठून माईकपाशी आली.