सातव्या दिवशी थांबायचं कोणी?

रक्तात जंतू सापडले की अँटिबायोटिक १४ दिवस, हे आम्ही डॉक्टर कुठे शिकलो? वरिष्ठांकडून. ते त्यांच्या वरिष्ठांकडून. चौदाच का, दहा का नाहीत, असं विचारायची पद्धत नव्हती. दोन आठवडे म्हटलं की हिशेब सोपा पडतो, यापलीकडे त्याला फारसा आधार नसावा, अशी मला जुनी शंका आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ‘बॅलन्स’ हा अभ्यास छापला. सात देशांतली ७४ रुग्णालयं, ३,६०८ रुग्ण, त्यातले निम्म्याहून अधिक आयसीयूतले. एका गटाला ७ दिवस औषध, दुसऱ्याला १४. नव्वद दिवसांत पहिल्या गटातले १४.५ टक्के दगावले, दुसऱ्यातले १६.१. सात दिवस सरस ठरले असं नव्हे, पण कमीही पडले नाहीत.

मला दुसराच आकडा जास्त बोलका वाटतो. सात दिवसांच्या गटातल्या २३ टक्के रुग्णांना औषध ठरल्यापेक्षा जास्त दिवस दिलं गेलं. काहींना गरज असेलही. पण अभ्यासात उतरलेल्या डॉक्टरांचाही हात थांबेना!

आपल्याकडे सातव्या दिवशीचा राऊंड बघा. ताप उतरलाय, आजोबा चहात बिस्किट बुडवून खाताहेत, इंट्राकॅथच्या जागी हात लालभडक सुजलाय. निवासी डॉक्टर केसपेपरवर कालचीच ओळ उतरवतो: ‘सीएसटी’, म्हणजे चालू आहे तेच चालू द्या. बंद करायचं तर निर्णय घ्या, नातेवाइकांची समजूत काढा, उद्या ताप आला तर बोलणी खा. चालू ठेवल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. दिवसाला तीनदा मेरोपेनेम या अँटिबायोटिकचं बिल मात्र घरचे भरतात, आणि वॉर्डातले जंतू निर्ढावतात ते वेगळंच.

या अभ्यासात भारतातलं एकही रुग्णालय नव्हतं. आपल्याकडचे जंतू कितीतरी औषधांना दाद देत नाहीत. तेव्हा सात दिवस मोजायचे ते जंतूला लागू पडणारं औषध सुरू झाल्यापासून, आणि कुठे पू साचला असेल तर तो काढून. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडलेले, हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग असलेले, प्रतिकारशक्ती फारच ढासळलेले रुग्ण, यांना अभ्यासातून मुळातच वगळलं होतं. बाकीच्यांच्या केसपेपरवर औषध सुरू करतानाच ते थांबवण्याची तारीख लिहावी, आणि घरच्यांनीही ती बिनधास्त विचारावी. फक्त हे वाचून कोणी टीबीच्या गोळ्या सोडू नयेत; तो हिशेब महिन्यांचाच आहे.