करंडकावरील नाव

आमच्या शाळेच्या आंतरशालेय खो-खो स्पर्धेचा करंडक एका दिवंगत व्यायामशिक्षकांच्या नावाचा आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो करविला. यंदा स्पर्धेचा खर्च आवाक्याबाहेर गेला, तेव्हा शहरातील एका व्यापाऱ्याने सर्व भार उचलण्याची तयारी दर्शविली. अट एकच : करंडकास आपल्या पेढीचे नाव द्यावे. शिक्षकसभेत दोन तट पडले. निर्णय आमच्यावर आला आणि त्या रात्री आमचे मन, वाचकांस नवल वाटेल, गोल्फच्या मैदानाकडे वळले.

गोल्फशी आमचा परिचय वर्तमानपत्रापुरताच. परंतु क्रीडास्पर्धेचे बारसे पैशाच्या हाती कसे जाते, हे या खेळात फार स्पष्ट दिसते. अमेरिकेचे विख्यात गायक-नट बिंग क्रॉसबी यांनी १९३७ साली कॅलिफोर्नियात व्यावसायिक खेळाडू व आपले हौशी स्नेही यांची एक स्पर्धा भरविली. बक्षिसाचे ३००० डॉलर स्वतः दिले. युद्धकाळात खंड पडून १९४७ पासून ती पेबल बीचच्या सागरतीरी होऊ लागली. लोक तिला नुसते 'क्रॉसबी' म्हणत. १९७७ मध्ये स्पेनमध्ये गोल्फचा डाव आटोपताच क्रॉसबींचे निधन झाले. पुढे १९८६ साली 'एटी अँड टी' ही दूरध्वनी कंपनी पुरस्कर्ती झाली. त्यांच्या पत्नी कॅथरिन यांना हे व्यापारी नामकरण रुचले नाही. त्यांनी पतीचे नाव काढून घेतले. स्पर्धा त्याच किनाऱ्यावर चालू राहिली आणि २०२४ मध्ये तिच्या बक्षिसांची रक्कम दोन कोटी डॉलर झाली. विनोदी नट बॉब होप यांच्या स्पर्धेचीही तीच गत. २०११ नंतर त्यांचे नाव गेले. त्या जागी प्रथम आरोग्यविम्याची कंपनी आली, मग नोकऱ्या शोधून देणारी, आणि २०२० मध्ये 'अमेरिकन एक्सप्रेस'.

आपल्याकडे १९६४ साली सुरू झालेली 'इंडियन ओपन' घ्या. तिच्या नावाआधी एके काळी 'विल्स' ही सिगारेट लागली, नंतर 'रॉयल चॅलेंज' हे मद्य, आणि २००५ पासून 'हीरो होंडा' ही मोटारसायकल. पुढे त्या भागीदारांची वाटणी झाली आणि स्पर्धेचे नावही अर्धे होऊन 'हीरो' तेवढे उरले!

हे वाचून हसू येते. पण केवळ हसून भागत नाही. २००९ साली ही स्पर्धा बंगळूरच्या सी. मुनियप्पा यांनी जिंकली. एके काळी ते दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहत असत. पुरस्कर्ता नसता, तर त्यांनी जिंकावयाचे बक्षीस तरी कोठून आले असते? शिवाय आश्रयदात्याचे नाव मिरविणे ही काही आजची रीत नव्हे. कर्नल सी. के. नायडूंच्या ज्या संघाचा आम्हां इंदूरकरांना आजही अभिमान वाटतो, तो 'होळकर' नावानेच खेळला व चार वेळा रणजी करंडक घेऊन आला. संस्थान विलीन झाले, आश्रय आटला आणि काही वर्षांत तो संघही नाहीसा झाला. आश्रयाचे हे दुसरे अंग विसरून चालणार नाही.

मग मधला मार्ग आहे काय? ऑगस्टा येथे १९३४ पासून होणाऱ्या 'मास्टर्स' स्पर्धेस कंपन्या द्रव्य पुरवितात, पण स्पर्धेच्या नावात त्यांना जागा नाही. अर्थात, तो क्लब श्रीमंत. त्याचा ताठरपणा त्याला परवडतो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकास ते कसे परवडावे?

तरीही आम्ही धीर करून त्या गृहस्थांकडे गेलो. म्हटले, "शेठजी, मंडपाच्या कमानीवर, निमंत्रणपत्रिकेवर, खेळाडूंच्या गणवेशावर आपले नाव घाला. करंडक मात्र आमच्या सरांचा राहू द्या." त्यांनी दोन दिवस मागितले आणि शेवटी अर्धी रक्कम दिली. आम्हांस राग आला नाही. अर्ध्या नावाचे अर्धे मोल, हा व्यवहार सरळच होता. उरलेली रक्कम माजी विद्यार्थ्यांनी जमविली, तरी थोडी तूट राहिलीच. म्हणून समारोपाचे भोजन रद्द करून पोहे आणि चहा ठेवला.

बक्षीस समारंभात विजयी संघाची कर्णधार, सातवीतली एक चिमुरडी, करंडक पोटाशी धरून त्यावरील अक्षरे वाचीत उभी होती. तिने विचारले, "सर, हे कोण होते?" आम्ही तिला बाजूस घेऊन सांगू लागलो. पोहे थंड झाले, पण तिचे प्रश्न संपेनात.

पेढीच्या नावाविषयी असे कोणी विचारले असते, असे आम्हांस वाटत नाही.