प्रौढांना कोणीही शिकवावे?

प्रौढांना शिकवणे हे कोणीही, केव्हाही आणि फुकट करावे असे काम आहे, ही समजूत आपल्या साक्षरता योजनांच्या मुळाशी ठाण मांडून बसली आहे. २०२२ साली आलेला 'नवभारत साक्षरता कार्यक्रम', म्हणजेच 'उल्लास', तर स्वयंसेवकांच्याच खांद्यावर उभा आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला. हे काम 'अशैक्षणिक' आहे, असे त्यांचे म्हणणे. निवडणुका, जनगणना आणि माहितीचे तक्ते यांनी गांजलेल्या शिक्षकाचा संताप आम्हांस समजतो. पण शिक्षकाला गणतीसाठी धाडायचे आणि शिकवणे मात्र अप्रशिक्षितावर सोपवायचे, ही वाटणीच उफराटी नाही काय?

कुंभवलीचेच घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या भागात मराठी, वारली, हिंदी, भोजपुरी एकाच नाक्यावर कानी पडतात. पाळी संपवून आलेल्या चाळिशीच्या कामगारापुढे 'क कमळाचा' ठेवला, की तो दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. त्याला वाचायची असते ती रसायनाच्या पिंपावरची सूचना, आणि अंगठा उठवण्याआधी ठेकेदाराच्या पगारपत्रकातले कापलेले दिवस. तिथून अक्षराकडे कसे वळावे, घरी वारली बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीशी कसे जोडावे, चार दिवस बुडवलेल्याला न लाजवता पुन्हा कसे बसवावे, हे एखाद्या दिवसाच्या शिबिरात येत नाही. त्यासाठी शिकवणाऱ्यांनी वारंवार एकत्र बसून आपापली फजिती मांडावी लागते, आणि ती ऐकायला कोणी जाणते माणूस लागते.

फार लांब जायला नको. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावर नेली. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. ते काम मुलांचे होते, हे मान्य. पण शिकवणाऱ्यांचे प्रशिक्षण तिथे वर्गाच्या शेजारीच चालले. वर्गात अडलेले तिथे नेता येत असे.

'उल्लास'साठी पाच वर्षांकरिता देशभरात १,०३७ कोटी ९० लाख रुपये मंजूर झाले. बोईसरला एक खोली, पंधरवड्यातून एक संध्याकाळ आणि स्वयंसेवकांचे जाण्यायेण्याचे भाडे, एवढे त्यात बसत नाही काय?