घर दाखवायचं की दडवायचं?

जुना फ्लॅट विकायचं घरात ठरलं की पहिला फोन एजंटला जातो आणि दुसरा रंगाऱ्याला. दुसरा फोन बहुतेक वेळा पहिल्याच्याच सांगण्यावरून होतो. ‘काका, एकदा रंग मारून घ्या, गिऱ्हाईक दारातच खूश झालं पाहिजे,’ हे वाक्य ठाण्यापासून कोथरूडपर्यंतच्या एजंटांना पाठ आहे. मग आठवडाभर घरात लांबीची धूळ, पायाखाली जुनी वर्तमानपत्रं आणि सोफ्यावर प्लास्टिक. ते आवरलं की भिंती पांढऱ्याशुभ्र दिसतात, टीव्हीशेजारी मनी प्लांट येतो आणि मोबाइलवर काढलेले फोटो घरविक्रीच्या संकेतस्थळांवर झळकतात.

घासूनपुसून विकण्यात वावगं काही नाही. वावगं सुरू होतं ते लांबीच्या दुसऱ्या हातापासून, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

विक्रीसाठी घर सजवण्याचा धंदा उभा राहिला तो अमेरिकेत. ‘होम स्टेजिंग’ रूढ करण्याचं श्रेय सिअ‍ॅटल परिसरातल्या बार्ब श्वार्झ यांना दिलं जातं. इंटिरिअर डिझाइनकडून घरविक्रीकडे वळलेल्या या बाईंनी 1970च्या दशकात आपल्या ग्राहकांना सांगायला सुरुवात केली की, राहायचं घर आणि विकायचं घर सारखं मांडायचं नसतं. आज तिकडे सोफा, दिवे, चित्रं, गालिचे भाड्याने आणून घर सजवणाऱ्या कंपन्या आहेत. घर विकलं की सामान पुढच्या घरी जातं. तिथल्या एजंटांची राष्ट्रीय संघटना यावर अधूनमधून सभासदांची पाहणी घेते आणि सगळ्यात आधी बैठकीची खोली सजवावी, असा कौल येतो. सजावटीचा फायदा होतो, असंही हे एजंट सांगतात. एजंटांना विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार!

मार्क लेन, मायकेल सायलर आणि विकी सायलर या अमेरिकी अभ्यासकांनी मात्र एजंटांऐवजी थेट घर घेणाऱ्यांना विचारलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 800हून अधिक जणांना एकच घर संगणकावर फिरवून दाखवण्यात आलं. कुणाला सौम्य रंगाच्या भिंती, कुणाला भडक जांभळ्या. कुणाला नेटकं फर्निचर, कुणाला ओबडधोबड, तर कुणाला रिकाम्या खोल्या. नेटकं घर लोकांना जास्त आवडलं. सजावटीमुळे किंमत वाढते, असंही त्यांना वाटत होतं. पण ‘तुम्ही स्वतः किती द्याल?’ या प्रश्नावर आलेल्या आकड्यांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. माणूस जांभळ्या भिंतीला नाक मुरडतो, पण पैसे मोजताना ती भिंत पुन्हा रंगवता येते, हे त्याला कळत असतं.

मुंबई-पुण्यात तर हे आणखी खरं असावं. इथे भाव चौरस फुटावर ठरतो. मजला, पार्किंग, स्टेशनचं अंतर आणि इमारतीचं वय यांवर तो थोडा इकडेतिकडे होतो. त्याच इमारतीतला आधीचा फ्लॅट कितीला गेला, हे खरेदीदार नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनवरून काढून आणतो. अशा माणसापुढे फुलदाणी ठेवून पाच लाख वाढवण्याची आशा भाबडी आहे. विक्रीच्या तोंडावर नवं मॉड्युलर किचन बसवणं तर शुद्ध तोट्याचा सौदा. नवा मालक ताबा मिळाल्यावर आधी ओटा तोडतो, हा इथला अलिखित नियम आहे. तो ओटा कडप्प्याचा होता की ग्रॅनाइटचा, याने घणाला फरक पडत नाही.

मग कशाने फरक पडतो? पसारा काढल्याने. तीस वर्षांच्या संसारात माळ्यावर काय काय साठतं, ते उतरवल्याशिवाय कळत नाही: बंद पडलेला मिक्सर, मुलांच्या दहावीच्या वह्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, लग्नात आलेली आणि एकदाही न वापरलेली डिनर सेटची खोकी. भंगारवाला आणि रद्दीवाला येऊन गेले की तेच घर मोठं वाटू लागतं. खिडकीतली कुंड्यांची आणि रिकाम्या डब्यांची चळत हलली की उजेड आत येतो. काळपटलेली डासांची जाळी धुवावी, पिवळट ट्यूब बदलावी, गळके नळ आणि कुरकुरणारी बिजागरी दुरुस्त करावी. ओट्याखालच्या कपाटातला तेलकट, कोंदट वास घरच्यांच्या नाकाला येत नाही. बाहेरच्याला तो दारातच येतो. एवढ्या कामाला पैसे कमी आणि अंगमेहनत जास्त लागते. बहुधा म्हणूनच ते टाळून रंगाऱ्याला बोलावलं जातं.

बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटने आपल्या अपेक्षा बिघडवल्या आहेत, हेही इथे नोंदवायला हवं. त्या फ्लॅटमध्ये पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड असतो, आतल्या खोल्यांना दारं नसतात, एखाद्या भिंतीच्या जागी काच असते आणि कपडे वाळत घालायची दोरी तर कुठेच नसते. ते पाहून आलेलं गिऱ्हाईक मग शिंद्यांच्या किंवा कुलकर्ण्यांच्या नांदत्या घरात शिरतं, तेव्हा त्याला देवघर, शाळेतल्या ढाली आणि भिंतीवरचे हार घातलेले फोटो खटकतात. ‘फोटो काढून ठेवा’ हा एजंटचा सल्ला इथून येतो. घर घेणाऱ्याला त्या जागी स्वतःचा संसार दिसला पाहिजे, हे तर्क म्हणून ठीकच आहे.

पण घरातून माणसाची ओळख पुसण्याला एक काळी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन सिटीत एका कृष्णवर्णीय जोडप्याने आपल्या घराचं मूल्यांकन करून घेतलं. आकडा फारच कमी वाटला म्हणून त्यांनी कुटुंबाचे फोटो आणि आफ्रिकी कलावस्तू काढून ठेवल्या, एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केलं आणि दुसऱ्या मूल्यांककाला बोलावलं. घर तेच, आकडा जवळपास 5 लाख डॉलरनी जास्त. 2021 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि 2023 मध्ये तडजोडीने मिटलं. आपल्याकडे दारावरच्या पाटीवरचं आडनाव आणि स्वयंपाकघरातून येणारा मासळीचा वास व्यवहारात काय काय ठरवतात, हे मुंबईत घर शोधलेल्या कुणालाही सांगायला नको. तेव्हा फोटो काढून ठेवायला सांगणाऱ्या एजंटला ‘नक्की कोणासाठी?’ एवढं विचारायला हरकत नसावी.

आता भिंतीकडे.

महाराष्ट्रात घराचा खरा परीक्षक म्हणजे जून ते सप्टेंबरचा पाऊस. जुन्या इमारतींत ओलीची दोन मोठी उगमस्थानं असतात. एक बाहेरची: भेगा गेलेलं प्लास्टर, गच्चीचं उखडलेलं वॉटरप्रूफिंग, खिडकीच्या चौकटीतली फट. दुसरं आतलं, आणि ते बारमाही: संडास-बाथरूमचा स्लॅब बाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा भराव घातलेला असतो. एखादा सांधा सुटला की पाणी त्या भरावात साठून राहतं आणि खालच्या घराच्या छतावर नकाशे उमटवतं. वर राहणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. पत्ता लागला तरी ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे’ म्हणायला तो मोकळा.

अशा भिंतीवर रंग काय करतो? पाणी आतून येत राहतं आणि सिमेंट-विटांमधले क्षार बरोबर आणतं. ते पृष्ठभागाशी सुकतं, क्षारांचे स्फटिक धरतात आणि रंगाला मागून ढकलतात. आधी बारीक फोड, मग पोपडे, मग मिठासारखी पांढरी पूड. प्लास्टिक पेंटने ओल थांबत नाही. ती काही महिने नजरेआड होते. फेब्रुवारीत लांबी भरून रंगवलेली भिंत गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर टोकन देणाऱ्याला निर्दोष दिसते. जुलैत तिचं खरं रूप बाहेर येतं, तोवर मूळ मालक नव्या घरात स्थिरावलेला असतो.

म्हणून जाणकार गिऱ्हाईक काही गोष्टी जवळून बघतं. अख्ख्या घरात जुना रंग आणि बेडरूमच्या एकाच कोपऱ्यात नवा. एकाच खोलीला पीओपीचं छत. बाथरूमच्या जुन्या लाद्यांच्या फटींत पांढरंफेक ताजं सिमेंट. बोटाच्या पेराने ठोकल्यावर भिंतीचा आवाज एका ठिकाणी भरीव आणि वीतभर अंतरावर पोकळ. गोदरेजचं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढायला सांगितलं की विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तेही बरंच सांगून जातं.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम विकणाऱ्यावर जबाबदारी टाकतं. मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही, तो दोष त्याने उघड केला पाहिजे. करारात वेगळं ठरलं नसेल तर. तसं न करणं फसवणुकीत मोडतं, असंही त्याच कलमात म्हटलं आहे. रेराने 2016 मध्ये बिल्डरवर बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी टाकली, तिचा खूप गवगवा झाला. रीसेलच्या फ्लॅटला लागू होणारं हे सव्वाशे वर्षांहून जुनं कलम मात्र वकील सोडून कुणाच्या गावी नाही. शिवाय ‘मला ठाऊकच नव्हतं’ हा बचाव मोडून काढायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार?

अमेरिकेकडून आपण सजावट उचलली, पण तिच्या जोडीने तिथे चालणारा कागद उचलला नाही. कॅलिफोर्नियात 1987 पासून घर विकणाऱ्याला छापील नमुन्यात लिहून द्यावं लागतं: छप्पर, नळकाम, वीज, भिंती, पाया यांतले ठाऊक असलेले दोष, परवानगीशिवाय केलेले बदल, शेजाऱ्यांशी चाललेले वाद. भाड्याचा सोफा हवा तेवढा झकास असू दे, हा कागद द्यावाच लागतो. फोटोंमध्ये संगणकाने फर्निचर भरण्याची आणि भिंती गुळगुळीत करण्याची लाट आल्यावर त्याच राज्याने जाहिरातीतला फोटो बदललेला असेल तर तसं सांगणं आणि मूळ फोटोही उपलब्ध ठेवणं 2026 पासून बंधनकारक केलं. आपल्याकडे मोबाइलमधल्या एका अ‍ॅपने रिकाम्या, पोपडे सुटलेल्या खोलीचा मिनिटभरात दिवाणखाना होतो आणि खाली एक ओळही लिहावी लागत नाही.

असा एक कागद महाराष्ट्रातल्या रीसेल व्यवहारात यायला हवा आणि तो इथल्या घरांच्या दुखण्यांवर बेतलेला हवा. गळती कुठे होती, कधी दुरुस्त केली, खालच्या-वरच्या घराची तक्रार सोसायटीकडे आहे का. आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती ही सोसायटीची जबाबदारी आणि बाथरूमची सभासदाची, त्यामुळे खर्च कोणावर येणार हेही त्यातून कळेल. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं का आणि त्यात काय निघालं. पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का. भोगवटा प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरण आहे की नाही. पाणी महापालिकेचं येतं की टँकरचं; पुण्याच्या उपनगरांत मेंटेनन्सचा आकडा यावरच ठरतो. पार्किंग सोसायटीने दिलेलं आहे की बिल्डरने ‘विकलेलं’, कारण स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून ठेवलं आहे.

विकणारे कुरकुर करतील. दोष लिहून दिला तर भाव पडेल, ही भीती खोटी नाही. तो थोडा पडेलही, आणि जिथे दोष आहे तिथे तो पडायलाच हवा. उलट ज्याने बाथरूमचा भराव उकरून नवं वॉटरप्रूफिंग केलंय, त्याला आज त्या खर्चाचं मोल मिळत नाही, कारण त्याची भिंत आणि शेजाऱ्याची लांबी भरलेली भिंत फोटोत सारखीच दिसते. बँक कर्ज देताना मालकीची साखळी तपासते, तिचा मूल्यांकक दहा-पंधरा मिनिटं घरात फिरून जातो. ओल शोधणं हे दोघांचंही काम नसतं. एजंटची दलाली व्यवहार झाला तरच सुटते, तेव्हा त्याच्याकडून ही अपेक्षाच नको.

सरकारने नमुना ठरवून दिला तर उत्तमच. पण त्याची वाट बघायचंही कारण नाही. विक्री करारनाम्याला परिशिष्टं जोडलेलीच असतात: फ्लॅटचं वर्णन, जाणाऱ्या वस्तूंची यादी, सोसायटीची पत्रं. त्यात विकणाऱ्याच्या सहीचं आणखी एक पान खरेदीदाराच्या वकिलाला टोकन देण्याआधीच मागता येतं. ते द्यायला विकणारा खळखळ करू लागला, तर कपाट पुढे ओढायला सांगावं.