पन्नास तासांपैकी पंचवीस तास आमच्या निवडीचे असावेत : म्हसावद परिसरातील प्राथमिक शिक्षकांचे निवेदन

प्रति,
मा. प्राचार्य,
जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, नंदुरबार

विषय : शिक्षकांच्या वार्षिक प्रशिक्षणात सक्तीच्या विषयांबरोबर ऐच्छिक विषयांना निश्चित वाटा मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही म्हसावद (ता. शहादा) आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावपाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत शिकवतो. प्रशिक्षण नको, अशी तक्रार घेऊन आम्ही आलेलो नाही. तशी निवेदने आपल्याकडे पुष्कळ येत असतील. आम्हाला प्रशिक्षण हवे आहे, पण ज्याची आमच्या वर्गाला गरज आहे ते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शिक्षकाकडून दरवर्षी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून ठरावेत, असेही तिथेच लिहिले आहे. पन्नासचा आकडा वरून खालपर्यंत सुखरूप पोहोचला, आवड मात्र वाटेत कुठेतरी उतरून गेली. आज आमचे सगळे तास आदेशाने भरतात. 2019 मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण आले, पुढे ते ‘दीक्षा’ पोर्टलवर ऑनलाइन झाले, 2021 पासून ‘निपुण भारत’ अभियानाचे विषय आले. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी 12 आणि निवडश्रेणीसाठी 24 वर्षांच्या सेवेनंतरचे प्रशिक्षण वेगळेच. यातले एकही वाईट नाही. पण सहावीच्या गणिताचा शिक्षक आणि पाड्यावर चार इयत्ता एकत्र सांभाळणारा शिक्षक एकाच चित्रफितीसमोर बसतो, तेव्हा दोघांपैकी एकाचा दिवस वाया जातो. कबूल करायला संकोच वाटतो, पण आमच्यातल्या काहींनी चित्रफीत चालू ठेवून शेजारी वह्या तपासल्या आहेत. प्रमाणपत्र तरीही मिळाले.

आमची गरज कोणती, हे पहिलीच्या वर्गात पाच मिनिटे बसले तरी समजते. या भागातली मुले घरी पावरी, भिली, गुजरी किंवा अहिराणी बोलतात. पुस्तक प्रमाण मराठीत, आणि शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून नेमणूक होऊन आलेला शिक्षक कदाचित लातूर किंवा कोल्हापूरचा. मूल गप्प राहते. शिक्षकाला वाटते, त्याला येत नाही. मुलाला वाटते, गुरुजींना येत नाही. खरे तर दोघांचेही बरोबर असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट आहे. पण मुलाचे शब्द शिक्षकाला कळावेत म्हणून प्रशिक्षणाच्या तासांत एकही तास राखलेला नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की 50 पैकी 25 तास शिक्षकाने स्वतः निवडलेल्या विषयासाठी असावेत आणि निवडलेला विषय जूनमध्येच केंद्रप्रमुखांकडे नोंदवावा. पावरी व भिली संभाषण, बहुवर्ग अध्यापन, हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांचा खंडित अभ्यास जोडून घेण्याच्या रीती, असे विषय आम्ही सुचवतो. बाहेरचे तज्ज्ञ आणण्याचा खर्चही फारसा नाही. पावरी आणि भिली ज्यांची मातृभाषा आहे असे शिक्षक आमच्यातच आहेत. त्यांनाच सुलभक नेमावे आणि इतर सुलभकांना मिळते तेच मानधन द्यावे. स्वतःच्या भाषेचा शिक्षक फुकट राबवून घेऊ नये, एवढीच त्यात भर.

आवडीवर सोडले तर शिक्षक सोपे तेच घेतील, हा आक्षेप येणार. तो पूर्ण खोटा नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही स्वतःच अट सुचवतो : निवडलेल्या विषयातून वर्गात काय बदलले, ते मासिक शिक्षण परिषदेत प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवावे. ज्याला दाखवता येणार नाही, त्याचे तास धरू नयेत. जिल्ह्याबाहेरून नव्याने आलेल्या शिक्षकाला तर पहिल्या वर्षी भाषेचा विषय ऐच्छिकही ठेवू नये, सक्तीचाच करावा. म्हणजे सक्ती आम्हाला सरसकट नकोशी आहे असे नाही.

सक्तीच्या यादीत आम्ही एक भरही मागतो. सिकलसेल हा आजार या भागाला नवा नाही. राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. खेळाच्या तासाला पाय दुखतात म्हणून कडेला बसणारे मूल अंगचोर असेलच असे नाही. दुखण्याची लक्षणे, पाणी पाजण्याची निकड, दवाखान्यात कधी न्यायचे, एवढे प्रत्येक शिक्षकाला माहीत असलेच पाहिजे. सर्पदंशावरच्या पहिल्या अर्ध्या तासाचेही तसेच. बालसंरक्षण व आपत्ती व्यवस्थापन सक्तीचेच राहू द्यावे.

आता वेळेविषयी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस ठरवले आहेत आणि 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोनशिक्षकी शाळेतून दोघांनाही एकाच दिवशी प्रशिक्षणासाठी शहाद्याला बोलावले, की त्या दिवशी शाळेला कुलूप लागते. असे आदेश निघू नयेत, हे लेखी ठरावे. दिवाळीनंतरचे पहिले दोन आठवडे तर पूर्ण मोकळे ठेवावेत. त्या दिवसांत कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात आणि आम्ही शिक्षण हमी कार्डे घेऊन घरोघरी फिरत असतो. कार्ड हातात न पडलेले मूल गेले, तर ते पुढच्या शाळेत नेमके कितवीत बसणार, हे सांगणारा कागद त्याच्याजवळ नसतो. ऑनलाइन भागही डाउनलोड करून पाहता यावा; पावसाळ्यात डोंगराकडच्या पाड्यांवर मोबाइलची रेंज शोधतच शिक्षकाची सुट्टी संपते. आणि एकदा पूर्ण केलेला विषय नाव बदलून पुन्हा आला, तर जुन्या प्रमाणपत्रावर त्यातून सूट मिळावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी शाळेच्या वेळेबाहेरची, शक्यतो शनिवारची दुपार द्यावी, ही विनंती. आमच्यातले पाच शिक्षक, त्यांत एक पावरी भाषक, सोबत विषयांचा कच्चा आराखडा घेऊन येतील.

आपले विश्वासू,
म्हसावद परिसरातील जिल्हा परिषद प्राथमिक शिक्षक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव सादर :
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नंदुरबार
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, शहादा